एकदाच, आणि तेही सलग

प्रोग्राम लिहून सोडवायचं ते गणित चार ओळींचं होतं. ० आणि १ यांची एक रांग दिलेली. तिच्यातला कुठलाही एक सलग तुकडा निवडायचा आणि त्या तुकड्यातला प्रत्येक अंक उलटवायचा, म्हणजे ० असेल तिथे १ आणि १ असेल तिथे ०. हे नेमकं एकदाच करायचं. त्यानंतर रांगेत जास्तीत जास्त किती १ असू शकतील, तेवढा आकडा छापायचा. रांगेत फार तर १०० अंक. वर शेरा: नवशिक्यांसाठी.

मी नवशिकीच होते. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला लागून तीन महिने होत आले होते. लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करवून घेणं) जमत होता, लिस्ट (आकड्यांची यादी) जमत होती, आणि 'आपल्याला येतंय की' अशी एक धोकादायक भावना मनात डोकावू लागली होती. अर्ध्या तासाचं काम समजून गणित उघडलं. चार दिवस लागले.

पहिली कल्पना सुचायला मिनिटभरही लागलं नाही. १ वाढवायचे आहेत ना? मग ० कुठे आहेत ते बघा. शून्यांचा सर्वांत लांब पट्टा शोधा, तो उलटवा, झालं. नमुन्यादाखल मी १ ० ० १ ही रांग घेतली. मधली दोन शून्यं उलटवली की १ १ १ १, उत्तर ४. कोड लिहिला, रन केला, ४ आलं. (कीबोर्ड मराठीवर राहिला होता आणि मी देवनागरीतच १ ० ० १ टाइप केलं होतं, हे नंतर लक्षात आलं. पायथनला देवनागरी आकडे कळतात. मजकुराची संख्या करताना तो '१०१' मुकाट्याने एकशे एक म्हणून घेतो. त्या दिवशी मशीनने माझ्यावर केलेला हा एकमेव उपकार.)

सबमिट केलं. सुरुवातीच्या काही टेस्ट केस, म्हणजे प्रोग्राम तपासायला दिलेल्या रांगा, पार झाल्या आणि मग लाल अक्षरांत निकाल आला: चुकीचं उत्तर. कुठल्या रांगेवर चुकलं, हे दाखवत नाहीत. फक्त चुकलं एवढंच.

पुढचा दीड तास मी कोडमध्ये चूक शोधत होते. लूप शेवटच्या अंकापर्यंत जातो का? जातो. पट्टा रांगेच्या शेवटी संपत असेल तर मोजला जातो का? जातो. व्हेरिएबलचं स्पेलिंग? बरोबर. मी सांगितलं होतं तेच मशीन इमानेइतबारे करत होतं. मी सांगितलेलंच चुकीचं असेल, ही शंका काही मनाला शिवली नाही.

माझा भाचा या क्षेत्रात आहे. अडलं की त्याला फोन करते. त्याची एक खोड आहे, उत्तर कधी सांगत नाही.

"मावशी, आधी लॅपटॉप बंद कर," तो म्हणाला. "पाच अंक कागदावर लिही आणि हाताने सोडव."

"कुठले पाच?"

"तेच तर तुला शोधायचंय."

चिडचीड झाली, पण कागद घेतला. पंधरा-वीस रांगा लिहिल्या. प्रत्येकीला माझी युक्ती लावायची आणि मग डोळ्यांनी बघायचं, याहून चांगलं काही निघतंय का. बहुतेक सगळीकडे युक्ती चालली. मग ही एक रांग आली:

० ० १ ० ०

लांब पट्टा दोन शून्यांचा. डावा घ्या नाहीतर उजवा. उलटवला की १ १ १ ० ०, उत्तर ३. आणि पेन्सिल तशीच हातात असताना दिसलं की अख्खी रांग उलटवली तर १ १ ० १ १ होतं. चार! मधल्या एका १ चा बळी जातो, पण त्याच्या बदल्यात दोन्हीकडची दोन-दोन शून्यं पदरात पडतात. गणितात कुठेही 'फक्त शून्यं उलटवा' असं म्हटलं नव्हतं. ते मीच गृहीत धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी हुशारी सोडून दिली आणि सरळ रांगडा मार्ग धरला. यालाच ब्रूट फोर्स म्हणतात. प्रत्येक शक्य तुकडा घ्यायचा, उलटवायचा, १ मोजायचे, सर्वांत मोठा आकडा लक्षात ठेवायचा. १०० अंकांच्या रांगेत असे तुकडे किती? पहिल्या जागेपासून सुरू होणारे १००, दुसऱ्या जागेपासून ९९, असं करत शेवटी १. एकूण ५०५०. प्रत्येकासाठी १०० अंकांची बेरीज केली तरी काम काही लाखांच्या घरातलं. मशीनला याचा पत्ताही लागत नाही.

आता अंक उलटवायचा कसा? मला कुठेतरी वाचलेलं आठवत होतं की बिट, म्हणजे ० किंवा १ असा एकेक अंक, उलटवायला टिल्ड (~) हे चिन्ह असतं, त्या तरंगासारखं. अंकासमोर टिल्ड लावलं की काम झालं. लावलं. १ ० ० १ दिलं. उत्तर यायला हवं ४. आलं २.

मी मधली लिस्ट छापून बघितली तर तिच्यात उणे एक आणि उणे दोन बसले होते. ० उलटवला की उणे १, १ उलटवला की उणे २. ० आणि १ च्या रांगेत हे पाहुणे कुठून आले, काही कळेना.

हे समजून घेण्यात दुपार गेली, पण ती वाया गेली असं मी म्हणणार नाही. मशीनच्या लेखी माझा १ म्हणजे एकटा बिट नव्हता. ती एक पूर्ण संख्या होती, आणि तिच्या डावीकडे शून्यांची रांग होती. आठ बिटांपुरतं बघायचं तर ० ० ० ० ० ० ० १. टिल्ड त्या सगळ्यांनाच उलटवतो: १ १ १ १ १ १ १ ०. आणि डावीकडून असे १ सुरू झाले की ती संख्या ऋण समजायची, असा संकेत आहे. नुसते सगळे १ म्हणजे उणे एक. का? त्यात एक मिळवून बघा. शेवटचा बिट ० होतो, हातचा १ पुढे जातो, तिथेही ०, पुन्हा हातचा, असं करत करत शेवटचा हातचा रांगेबाहेर पडतो आणि मागे सगळी शून्यं उरतात. जिच्यात एक मिळवल्यावर शून्य येतं ती संख्या उणे एक, दुसरी कुठली असणार? हा संकेत कुणी लहर म्हणून ठरवला असेल असं मला वाटलं होतं. बेरीज-वजाबाकी एकाच पद्धतीने व्हावी म्हणून तो तसा आहे, हे हातच्यांचा हिशेब स्वतः केल्यावर पटलं. पायथनमध्ये तर संख्येला आठ किंवा बत्तीस बिटांची मर्यादाही नसते. ऋण संख्येच्या डावीकडे १ ची रांग कधी संपतच नाही, असं समजून तो वागतो.

म्हणजे टिल्ड बरोबरच वागत होता. मला हवं होतं ते काम त्याचं नव्हतं. माझं काम साधं: एकातून अंक वजा करायचा. १ वजा ० म्हणजे १, १ वजा १ म्हणजे ०. दुसरी इयत्ता. भाचा म्हणाला एक्सॉरनेही होतं, अंकाला १ शी एक्सॉर केलं की तो उलटतो. मी वजाबाकीच ठेवली, ती वाचताना कळते.

पुन्हा रन केलं. उत्तर ३.

चार नाही, तीन. मघाच्या दोनापेक्षा बरं, पण चूकच. आणि आता जी चूक होती, तिच्याइतका त्रास मला आजवर कुठल्याच चुकीने दिलेला नाही.

प्रत्येक तुकडा उलटवण्याआधी मूळ रांगेची प्रत करून घ्यायला हवी, एवढं भान मला होतं. मी तशी ओळ लिहिलीही होती: नवी लिस्ट बरोबर जुनी लिस्ट. मग उलटवाउलटवी नव्या लिस्टवर. जुनी सुरक्षित. तरी खात्री असावी म्हणून मी प्रोग्रामच्या अगदी शेवटी जुनी लिस्ट छापून बघितली. १ ० ० १. जशीच्या तशी! म्हणजे प्रतीचा प्रश्नच नाही. चूक दुसरीकडे असणार.

मग सुरू झाली दुसरीकडची शोधाशोध. लूपला आकडे पुरवणारी पायथनची रेंज शेवटचा आकडा धरत नाही, त्यात काही राहतंय का? नाही. जास्तीत जास्त ठेवणारं व्हेरिएबल मध्येच शून्य होतंय का? नाही. मी लूपच्या मर्यादा एकाने वाढवल्या, एकाने कमी केल्या, परत होत्या तशा केल्या. संध्याकाळ झाली. कोड आता मला पाठ झाला होता आणि त्यामुळेच दिसत नव्हता.

शेवटी वैतागून लूपच्या आतच प्रिंट टाकलं. प्रत्येक तुकडा उलटवल्यानंतर लिस्ट कशी दिसते, ते छाप. दहा तुकडे, दहा ओळी:

० ० ० १
१ १ ० १
० ० १ १
१ १ ० ०
१ ० ० ०
१ १ १ ०
१ ० ० १
१ ० १ १
१ ० ० ०
१ ० ० १

पहिली ओळ बरोबर होती, पहिला अंक उलटलेला. दुसरी बघा. तिथे मूळ १ ० ० १ मधले पहिले दोन उलटवून ० १ ० १ यायला हवं होतं. आलं १ १ ० १. म्हणजे पहिल्या ओळीतली ० ० ० १ घेऊन तिचे पहिले दोन उलटवलेले. प्रत्येक ओळ मूळ रांगेवर न चालता आधीच्या ओळीवर चालत होती. मी प्रत केलीच नव्हती. 'नवी बरोबर जुनी' असं लिहिल्याने पायथन दुसरी लिस्ट बनवत नाही, त्याच लिस्टला दुसरं नाव देतो. एका माणसाला घरी एक नाव आणि बाहेर दुसरं असावं, तसं. नव्या नावाने हाक मारून मी जुन्याचेच अंक उलटवत बसले होते.

पण मग शेवटी जुनी लिस्ट जशीच्या तशी कशी काय? शेवटची ओळ पुन्हा बघा: १ ० ० १. दहा वेळा उलटवाउलटवी होऊन गाडी बरोबर मूळ ठिकाणी येऊन थांबली होती. योगायोग वाटला. आठ अंकांची दुसरी रांग दिली, तीही शेवटी मूळ रूपात परतली. सहा अंकांचीही. आता मात्र मला राहवेना. मूळ गणित बाजूला ठेवून याचा पिच्छा पुरवला.

चार अंकांच्या रांगेत दुसरी जागा घ्या. ती ज्या तुकड्यांत येते, त्यांची सुरुवात पहिल्या किंवा दुसऱ्या जागेवर असणार, म्हणजे दोन पर्याय. शेवट दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या जागेवर, म्हणजे तीन पर्याय. एकूण सहा तुकडे. दुसरा अंक सहा वेळा उलटला, सम वेळा, म्हणून परत मूळचा झाला. पहिली जागा: एक गुणिले चार, चार वेळा. तिसरी: तीन गुणिले दोन. चौथी: चार गुणिले एक. सगळ्या सम. रांगेची लांबी सम असली की या गुणाकारातली एक बाजू सम आणि दुसरी विषम येते, कारण दोन्हींची बेरीज लांबीपेक्षा एकाने जास्त, म्हणजे विषम असते. त्यामुळे गुणाकार नेहमी सम. सम लांबीची कुठलीही रांग द्या, माझा चुकीचा प्रोग्राम शेवटी ती होती तशी करून ठेवणार आणि वर साळसूदपणे दाखवणार की बघा, मी कशालाच हात लावला नाही!

लांबी विषम असती तर पहिली, तिसरी, पाचवी अशा एकाआड एक जागा उलटलेल्या राहिल्या असत्या आणि चोर पहिल्याच प्रिंटमध्ये सापडला असता. मी तपासणीसाठी नेमकी चार अंकांची रांग घेतली होती. ० ० १ ० ० कागदावर समोर पडलेली असताना.

खरी प्रत करायची ओळ टाकली, १ ० ० १ ला ४ आलं, ० ० १ ० ० लाही ४ आलं. सबमिट. सगळं हिरवं. रात्रीचे साडेदहा झाले होते. भाच्याला मेसेज केला. त्याने अंगठा पाठवला आणि खाली एक वाक्य: "आता हेच गणित एक लाख अंकांसाठी कर."

तिसरा दिवस.

लाख अंकांत तुकडे किती? ५०० कोटी ५० हजार. नुसते तुकडे, प्रत्येकातली बेरीज वेगळी. पायथन सेकंदाला ढोबळमानाने कोटीच्या आसपास साध्या क्रिया उरकतो असं धरलं, तरी तुकडे नुसते मोजायलाच आठ मिनिटांवर वेळ. मुभा असते एक-दोन सेकंदांची.

पहिली सुधारणा मला येत होती. प्रत्येक जागेपर्यंत किती १ आले त्याची चढती बेरीज एकदाच करून ठेवायची, प्रीफिक्स सम. मग कुठल्याही तुकड्यात किती १ आहेत हे एका वजाबाकीत कळतं, उलटवून बघायची गरजच नाही. तुकड्याआड लाखभर क्रिया वाचल्या. पण तुकडे तेवढेच राहिले, ५०० कोटी. उपयोग शून्य.

उपयोग झाला तो वेगळ्याच ठिकाणी. उलटवल्यानंतरच्या १ ची संख्या काढायला मी कागदावर सूत्र मांडत होते. रांगेतले एकूण १, त्यातून तुकड्यातले १ वजा, कारण ते जाणार, आणि तुकड्यातली ० मिळवा, कारण ती १ होणार. म्हणजे

एकूण १ + (तुकड्यातली ० − तुकड्यातले १)

एकूण १ तर ठरलेलेच आहेत. तुकडा कुठलाही घ्या, ते बदलत नाहीत. बदलतो फक्त कंस. दोन दिवस मी उलटवल्यावर रांग कशी दिसेल याचाच विचार करत होते आणि उलटवायची गरजच नव्हती. प्रत्येक ० म्हणजे अधिक एक, प्रत्येक १ म्हणजे उणे एक, अशी नफ्या-तोट्याची रांग करायची आणि तिच्यातला सर्वांत जास्त नफ्याचा सलग तुकडा शोधायचा. माझी पहिल्या दिवशीची चूक आता एका शब्दात सांगता येत होती: तोटा अजिबात नको म्हणून मी नफाही सोडला होता.

तरी तो तुकडा एका फेरीत कसा शोधायचा, ते सुचेना. फोन.

"डावीकडून चालायला लाग," भाचा म्हणाला, "आणि बरोबर धावती बेरीज ठेव. आता मला सांग, एखाद्या जागी तुझी बेरीज उणे झाली, तर ते ओझं पुढे कशाला नेतेस?"

"नाही न्यायचं?"

"तू सांग."

० १ १ १ ० ० ही रांग घेतली. नफा-तोटा: +१, −१, −१, −१, +१, +१. पहिल्या जागी बेरीज १. दुसऱ्या जागी ०. तिसऱ्या जागी −१. इथे थांबून विचार केला. पुढे कितीही चांगला तुकडा येणार असो, त्याच्या मागे हे उणे एक जोडलं तर तो एकाने वाईटच होणार. मग टाका. पुन्हा शून्यापासून सुरुवात. चौथ्या जागी परत −१, टाका. पाचव्या जागी १, सहाव्या जागी २. वाटेत दिसलेली सर्वांत मोठी बेरीज २. रांगेत १ होते तीन. उत्तर ५. खरंच, शेवटची दोन शून्यं उलटवली की ० १ १ १ १ १.

मग जिथे काही टाकायची वेळच येत नाही अशी रांग घेतली: ० ० १ ० ० ० १ १ ०. धावती बेरीज १, २, १, २, ३, ४, ३, २, ३. सर्वांत मोठी ४, सहाव्या जागी. मूळ १ तीन, उत्तर ७. मधल्या १ पाशी बेरीज दोनाची एक होते, पण शून्याखाली जात नाही, म्हणून मागचं टिकतं. त्या एका आकड्यात मला ० ० १ ० ० चा सगळा घोळ दिसला. मधला १ तोट्याचा आहे, पण मागची कमाई तो तोटा सोसू शकते.

या रीतीला नाव आहे, केडेनचा अल्गोरिदम, आणि तिची गोष्टही आहे. १९७७ मध्ये ब्राउन विद्यापीठात उल्फ ग्रेनांडर प्रतिमांमधले आकृतिबंध शोधण्याच्या कामात होते. त्यांना आकड्यांच्या चौकोनी पटातला सर्वांत मोठ्या बेरजेचा आयताकृती भाग हवा होता. ते फार वेळखाऊ ठरलं, म्हणून अंदाज यावा यासाठी त्यांनी प्रश्न एका सरळ रांगेपुरता आणला. त्यांची पहिली रीत माझ्या दुसऱ्या दिवसासारखीच होती, तीन लूप एकात एक. हा प्रश्न मायकेल शेमॉस यांच्यापर्यंत पोहोचला, त्यांनी रातोरात बरीच वेगवान रीत काढली. पुढे कार्नेगी मेलनमधल्या एका चर्चासत्रात त्यांनी ती सांगितली, तेव्हा समोर जोसेफ केडेन नावाचे संख्याशास्त्रज्ञ बसले होते. त्यांनी मिनिटभरात ही एका फेरीची रीत मांडली. संगणकशास्त्रज्ञ जॉन बेंटली यांनी १९८४ मध्ये हा किस्सा लिहिला, म्हणून तो आपल्याला माहीत आहे. मला त्यातला केडेन यांचा मिनिट फारसा भावला नाही. सुरुवात तीन लूपने झाली होती, हे वाचून मात्र फार बरं वाटलं.

कोड आता जेमतेम आठ ओळींचा झाला. लाख अंक दिले, डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर. पण पहिल्या दिवसाने मला शहाणं केलं होतं. सबमिटच्या बटणावर बोट नेलं आणि मागे घेतलं.

माझ्याकडे दोन प्रोग्राम होते. एक हळू, पण त्याच्यावर विश्वास होता. दुसरा वेगवान, त्याच्यावर नव्हता. दोघांना एकमेकांसमोर उभं केलं. एक अंकापासून दहा अंकांपर्यंतच्या सगळ्या शक्य रांगा बनवायच्या, दोघांनाही द्यायच्या, उत्तरं जुळली नाहीत तर ती रांग छापायची. एक अंकाच्या दोन रांगा, दोन अंकांच्या चार, दहा अंकांच्या १०२४. सगळ्या मिळून २०४६.

चौथ्या दिवशी सकाळी हे चालवलं. दहा रांगा जुळल्या नाहीत. दहाच, आणि छापलेल्या यादीचा त्रिकोण झाला होता: १, मग १ १, मग १ १ १, अशा उतरत्या पायऱ्या, दहा एकांपर्यंत.

रांगेत सगळे १ च असतील तर काय करायचं? माझा वेगवान प्रोग्राम म्हणत होता, काहीच करू नका, सगळे १ आहेतच. हळू प्रोग्राम म्हणत होता, एक कमी. गणित पुन्हा वाचलं. 'हे नेमकं एकदाच करायचं.' एकदाच म्हणजे 'फार तर एकदा' नव्हे. न उलटवण्याची सोयच नाही. सगळे १ असले तरी किमान एक अंक उलटवावाच लागतो आणि उत्तर एकाने घटतं. नुसता एक १ दिला तर उत्तर ०. हळू प्रोग्रामला हे कुणी शिकवलं नव्हतं. तो तुकडे उलटवूनच बघत होता आणि रिकामा तुकडा त्याच्या यादीतच नव्हता. वेगवान प्रोग्राममध्ये मी सर्वोत्तम नफ्याची सुरुवात शून्यापासून केली होती. ते शून्य म्हणजेच 'काही न करणं'.

शून्याच्या जागी उणे एक केलं. परत चालवलं. परत त्याच दहा रांगा.

या वेळी मात्र मी दीड तास घालवला नाही. थेट १ १ ही रांग घेऊन प्रिंट टाकलं. पहिल्या जागी बेरीज −१ झाली, माझ्या कोडने ती लगेच ओझं म्हणून टाकून शून्य केली, आणि मग त्या शून्याची सर्वोत्तमशी तुलना केली. शून्य उणे एकापेक्षा मोठंच. दोन ओळींचा क्रम उलटा होता. आधी नोंद, मग टाकणं, असं हवं होतं. ओळी खालीवर केल्या. २०४६ रांगा, फरक एकही नाही. लाख अंकांचं गणितही पार झालं, पहिल्या फटक्यात.

दुपारी सहज म्हणून पहिल्या दिवशीचा प्रोग्राम शोधून काढला, तो सर्वांत लांब पट्टेवाला, आणि त्यालाही हळू प्रोग्रामसमोर उभं केलं. पाच अंकांपर्यंतच्याच रांगा, म्हणजे ६२. सहा ठिकाणी चुकला. एक ० ० १ ० ०, जी मी कागदावर शोधली होती. उरलेल्या पाच: १, १ १, १ १ १, १ १ १ १ आणि १ १ १ १ १.

म्हणजे त्या दिवशी मला ० ० १ ० ० सारख्या एखाद्या रांगेने पाडलं की नुसत्या एकट्या १ ने, हे आता कळायला मार्ग नाही. भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, मी 'पाच अंक घे' म्हणालो होतो. तू आधी एक घेऊन बघायला हवा होतास."